अप्पा मॅचला येत नसत

नांदेडची गाडी फलाटाला लागली तेव्हा अप्पांनी बॉलची जाळी स्वतः आत नेली, आमच्या पिशव्या वरच्या फळीवर नीट लावल्या, खिडक्यांच्या काचा सरकतात की नाही ते बघितलं आणि सगळ्या मुली बसल्यावर ते खाली उतरले. देवणीकर बाईंनी शेजारची जागा रुमाल टाकून त्यांच्यासाठी धरली होती. आम्हाला वाटलं, पाण्याची बाटली भरायला गेले असतील. मग कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि घंटी मारली. अप्पा खालीच होते, हात मागं बांधून.

मी उठले, दार उघडायला लावलं आणि खाली उतरले.

"अप्पा, चला ना. गाडी निघालीय."

"मी कुठं? तुम्ही जा."

"तालुक्याला आला नाहीत, जिल्ह्याला आला नाहीत. ही विभागाची मॅच आहे, अप्पा. आता तरी चला."

"दुकान हाय की माझं."

"काकू बघतील दुकान."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. गाडीतून सगळ्या मुली खिडकीला तोंडं लावून आमच्याकडंच बघत होत्या.

"शैला," ते म्हणाले, "तुझ्यापायी गाडी थांबलीय. जा."

मी गेले. गाडी वळली तेव्हा बाकीच्यांनी हात हलवले. मी हलवला नाही.

याला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली. मन्मथअप्पा होनराव जाऊनही बराच काळ लोटला. उदगीरला भाजी मंडईच्या तोंडाशी त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. एका बाजूला कोथिंबिरीचे ढीग, दुसऱ्या बाजूला मिरचीवाल्या बाया आणि मधे काचेच्या कपाटात पितळी कप, कॅरमची पावडर, पीटीचे पांढरे बूट. अप्पा कायम एका ठरलेल्या स्टुलावर बसून रॅकेटला तार भरत नाहीतर फाटलेल्या बॉलला टाके घालत असायचे. गावातल्या प्रत्येक शाळेच्या क्रीडासंमेलनाचे बिल्ले त्यांच्याकडूनच जायचे. आणि रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ते तेलाच्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत आम्हा मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचे. त्यासाठी त्यांना कुणी नेमलं नव्हतं. शाळेत मुलींना खेळाचे सरच नव्हते. अप्पांनी एक दिवस मुख्याध्यापकांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी गिरणीमागं दोन बांबू रोवून जाळी बांधली.

त्यांची शिकवायची तऱ्हा आम्हाला अजिबात पटत नसे. खेळ रंगात आला की ते मधेच शिट्टी वाजवायचे. आम्ही जिथं असू तिथं थांबायचं. मग कुणा एकीकडं बोट.

"तुला काय दिसलं?"

पहिल्या दिवशी मी म्हणाले, बॉल दिसला. अप्पा म्हणाले, "बॉल तर बैलालापण दिसतोय." सगळ्या हसल्या. मला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागले. पलीकडची कुठल्या पायावर रेलून उभी आहे, कोण दमलीय, कोण बॉल यायच्या आधीच डोळे मिटते. ते सांगितलं की अप्पांचा पुढचा प्रश्न यायचा, "मग काय करशील?" आम्ही चुकीचं काही बोललो तरी ते दुरुस्त करत नसत. "कर" म्हणायचे. आम्ही करायचो, तोंडघशी पडायचो आणि पुन्हा शिट्टी.

आमची सगळ्यात उंच मुलगी मंगल वाघमारे. तिचे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे आणि त्यांची उंची तिनं घेतली होती. ती जाळीवर उडाली की पलीकडच्या मुली मागं सरकायच्या. तिला ही प्रश्नोत्तरं मुळीच आवडत नसत. ती म्हणायची, ह्यांनाच माहीत नसेल तर ते सांगणार कुठून.

गावातही तेच बोललं जायचं. आमच्या घरी एकदा विषय निघाला तेव्हा वडील हसून म्हणाले होते, हरल्यावर आपलं नाव यायला नको म्हणून होनराव घरी बसतो. मी तेव्हा अप्पांची बाजू घेऊन भांडले होते. पण त्या दिवशी गाडीत, अहमदपूर मागं पडलं तरी, ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. कारण यंदाची गोष्ट वेगळी होती. आम्ही अर्ध्या चड्डीत खेळतो, बाहेरगावी मुक्काम करतो, म्हणून काही पालकांनी तक्रार केली होती. शेजारच्या शिंप्याकडून अप्पांनी आम्हा सगळ्यांना निळ्या लांब विजारी शिवून दिल्या तरी कुरकुर थांबली नव्हती. शेवटी शाळेनं सांगितलं, यंदा राज्यावर गेलात तर पुढं बघू, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघ नाही. हे अप्पांना ठाऊक होतं. तरी ते फलाटावर हात बांधून उभे राहिले.

नांदेडला आम्ही सुरुवातीच्या मॅचेस जिंकलो. कशा जिंकलो ते फारसं आठवत नाही. मंगल उडायची, बॉल खाली आपटायचा, एवढं आठवतं. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगाबादच्या संघाशी होता.

त्यांचा संघ मैदानात आला तेव्हा आम्ही सराव थांबवून बघत राहिलो. सगळ्यांचे एकसारखे बूट, गुडघ्यांना पट्टे. त्यांच्याबरोबर त्यांचे सर होते. पांढरा शर्ट, शांत चेहरा, कडेच्या खुर्चीत ताठ बसलेले. ओरडत नव्हते. बॉल मेला, म्हणजे खेळ थांबला, की सहाच्या सहा मुली त्यांच्याकडं बघायच्या, ते मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं हलवायचे, एक, दोन किंवा मूठ, आणि मुली आपापल्या जागा बदलायच्या. घड्याळासारखं चाललं होतं. आमच्या खुर्चीत देवणीकर बाई बसल्या होत्या. त्या मराठी शिकवायच्या. मुलींबरोबर बाई हवी म्हणून त्यांना पाठवलं होतं. मांडीवर आमच्या रुमालांचा ढीग घेऊन त्या जप केल्यासारख्या ओठ हलवत होत्या.

पहिला डाव आम्ही वाईट हरलो. मी लिफ्टर होते, म्हणजे आलेला बॉल जाळीजवळ उचलून देणं माझं काम. मी मंगलला बॉल द्यायचे आणि ती उडायच्या आधीच समोर दोन जोड्या हात तयार असायचे. तिचा प्रत्येक फटका त्या हातांवर आपटून आमच्याच अंगणात पडत होता. ती चिडत गेली, चिडून जोरात मारत गेली आणि बॉल बाहेर जायला लागले.

डावांच्या मधे आम्ही बाईंभोवती जमलो. फर्जाना रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, त्यांना सांगणारं कुणीतरी आहे. सगळ्यांच्या मनात तेच होतं. मी बाईंना विचारलं, आता काय करायचं.

बाईंनी रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली. "शैलजा, मी तुला खोटं सांगू का? मला यातलं काही कळत नाही. कप्तान तू आहेस. तू सांगशील ते खरं."

दुसरा डाव सुरू झाला आणि तोही तसाच चालला. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, सर्व्हिस ज्या संघाची त्यालाच गुण मिळायचा. आम्ही कशीबशी सर्व्हिस ओढून आणायचो आणि लगेच घालवायचो. त्यांचे गुण दोन अंकांवर गेले. आमचे बोटांवर मोजण्याइतके. मंगल माझ्याशी बोलेनाशी झाली होती. मला खूप एकटं वाटत होतं आणि अप्पांचा राग येत होता. मैदानाच्या फाटकाकडं माझी नजर सारखी जात होती. वाटत होतं, आता येतील, पुढची गाडी धरून आले असतील.

तशीच एकदा मी फाटकाकडून नजर वळवली आणि समोर बघितलं. त्यांची लिफ्टर माझ्यासारखीच बाहेर बघत होती. ती खुर्चीकडं बघत होती.

बॉल मेला होता. सर्व्हिस आम्हाला मिळाली होती. फर्जाना मागच्या रेषेवर गेली. तिची एक सवय होती, बॉल जमिनीवर दोन-तीनदा आपटायचा, तळहातावर फुंकर मारायची, मग सर्व्हिस. पंचांनी शिट्टी दिली. फर्जाना बॉल आपटत होती. शिट्टी होऊन गेली तरी त्यांची लिफ्टर अजून खुर्चीकडंच बघत होती, तिच्या शेजारचीही, मागच्या दोघीही. सरांची बोटं हलली. फर्जानानं फुंकर मारली. तेव्हा कुठं त्या वळल्या, जागेवर आल्या, गुडघ्यात वाकल्या. मग फर्जानाचा हात बॉलला लागला.

तो एक गुण आम्हाला कसाबसा मिळाला. लगेच मी हात वर करून पंचांकडं टाइम-आउट मागितला.

मुली आल्या. मी सांगितलं, शिट्टी वाजते तेव्हा त्या आपल्याकडं बघत नसतात. खुर्चीकडं बघत असतात. आपण टप्पे मारत बसतो म्हणून त्यांना वळायला वेळ मिळतो. यापुढं कुणी बॉल आपटायचा नाही, कुणी फुंकर मारायची नाही. शिट्टी वाजली की त्याच क्षणी सर्व्हिस. आणि टाकायची त्यांच्या लिफ्टरच्या मागं, उजव्या कोपऱ्यात, कारण सगळ्यात उशिरा तीच वळते.

फर्जाना म्हणाली, "मला जमणार नाही. टप्पा मारल्याशिवाय माझा हातच चालत नाही."

"चालेल."

"बाहेर गेला तर?"

"गेला तर गेला. तसंही हरतोयच."

मंगल इतका वेळ पाठ करून पाणी पीत होती. ती वळली. "खरंच बघत नाहीत?" तिनं विचारलं.

"तू बघ आता. तुला दिसेल."

खेळ सुरू झाला. सर्व्हिस अजून आमचीच होती. फर्जाना रेषेवर गेली. तिनं बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, जणू कुणी हिसकावून घेईल. मी जाळीजवळ होते आणि माझी नजर पलीकडं होती. सहा माना खुर्चीकडं. शिट्टी वाजली आणि त्याच दमात मला मागून फर्जानाचा फटका ऐकू आला. बॉल माझ्या डोक्यावरून गेला. त्यांच्या लिफ्टरची मान वळत होती तोवर तो तिच्या मागं जमिनीवर पडून उडाला होता.

पंचांनी हात आमच्याकडं केला.

पुढचा तसाच, त्याच्या पुढचाही. फर्जानाचा हात टप्प्याविनाही चालत होता आणि चांगला चालत होता. त्यांची सर्व्हिस आली की आम्ही ती तोडायचो, आमच्यातली दुसरी कुणी रेषेवर जायची आणि शिट्टीबरोबर बॉल निघायचा. गुण जवळ जवळ यायला लागले. तेव्हा त्यांच्या सरांच्या लक्षात आलं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी बोटं मिटली आणि हात काखेत घेऊन बसले. त्यांनी मुलींना मानेनं खूण केली, माझ्याकडं बघू नका, समोर बघा. पण सवय ती सवय. बॉल मेला की माना वळायच्याच, बोटं हलत नाहीत म्हणून आणखी गोंधळायच्या, मग घाईनं परत फिरायच्या. आम्ही तो डाव घेतला. देवणीकर बाई उभ्या राहिल्या होत्या आणि मांडीवरचे सगळे रुमाल मातीत पडले होते.

तिसऱ्या डावाआधी त्यांच्या सरांनी मुलींना जवळ घेतलं आणि बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग त्यांनी खुर्ची उचलून मुलींच्या पाठीमागं, लांब नेऊन ठेवली आणि तिथं बसले. मला तो माणूस तेव्हाच आवडला. आणि त्यांच्या मुली खेळायला लागल्या. खुर्ची दिसत नाही म्हटल्यावर त्या एकमेकींशी बोलायला लागल्या, ओरडायला लागल्या, आणि मग कळलं, त्या मुळात किती चांगल्या होत्या ते. शिट्टीची युक्ती आता चालेना. त्यांचा बॉल पडू द्यायचा नाही म्हणून आम्ही लोळत होतो, अप्पांच्या निळ्या विजारी गुडघ्यांवर फाटल्या. कधी त्या पुढं, कधी आम्ही. लोक कुंपणाला चिकटून उभे होते. तो डाव मी आयुष्यात खेळलेल्या सगळ्या डावांत सुंदर होता, आणि तो चालू असताना आपण हरू की काय हे माझ्या मनातही आलं नाही. फाटकाकडं मी पुन्हा बघितलं नाही.

शेवटी आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि सर्व्हिस आमची होती. हा गुण मिळाला की सामना संपणार होता. रेषेवर जाणाऱ्या मुलीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. मंगल सरकत माझ्याजवळ आली आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "मला देऊ नको."

मी बघतच राहिले. मंगल कधी बॉल नको म्हणाली नव्हती.

"दोघी माझ्यावरच आहेत," ती म्हणाली. "ती बुटकी पण आता माझ्याकडंच सरकलीय. मी उडते. तू टाक."

सर्व्हिस गेली. त्यांनी ती छान उचलली, जोरात मारली. फर्जाना मागं आडवी पडली आणि तिनं बॉल कसाबसा वर काढला. तो माझ्याकडं आला. मला कडेनं मंगल धावत येताना दिसली. ती उडाली, हात मागं खेचला, आणि इतक्या जोरात ओरडली की मलाच वाटलं बॉल तिच्याकडं गेलाय. समोरच्या दोघी तिच्याबरोबर वर गेल्या. तिसरीही. माझ्यासमोर जाळीपलीकडं कुणीच नव्हतं. नुसती माती होती, पाणी मारलेली, झाडलेली. मी दोन बोटांनी बॉल पलीकडं सोडला.

तो इतका हळू पडला की त्याचा आवाजही आला नाही.

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मंगलनं मला उचललं होतं. बाई रडत होत्या आणि एकीकडं आमच्या पाठीवरची माती झटकत होत्या. थोड्या वेळानं पांढऱ्या शर्टातले ते सर आमच्याकडं आले. त्यांनी आधी माझ्याशी, मग मंगलशी, मग फर्जानाशी हात मिळवला. फर्जानाला म्हणाले की तिची सर्व्हिस त्यांना बरेच दिवस आठवणार. मग त्यांनी इकडं तिकडं बघत विचारलं, "तुमचे प्रशिक्षक कुठं आहेत? मला त्यांना भेटायचंय."

"दुकानात," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "दुकानात," स्वतःशीच म्हणाले आणि मान हलवत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उदगीरला उतरलो. निकाल फोनवरून शाळेत पोचला होता. बसस्थानकावर मुख्याध्यापक होते, हार होते, माझे वडील होते, मंगलचे वडील मोंढ्यातून डोक्यावरचं फडकंही न सोडता आले होते. अप्पा नव्हते. आम्ही हार गळ्यात तसेच ठेवून, कप मंगलच्या डोक्यावर देऊन, मंडईतून चालत निघालो. भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहत होत्या, कुठं गेल्ता गं, काय जिंकलं गं, विचारत होत्या.

अप्पा त्यांच्या स्टुलावर रॅकेटला तार भरत होते. त्यांनी मान वर केली. कप बघितला, मग एकेकीचे गुडघे बघितले. रॅकेट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "सांगा. पहिल्यापासून."

आम्ही सांगितलं. फळीवर पिंगपाँगचे चेंडू मांडून, कोण कुठं होतं ते दाखवून, एकमेकींचं बोलणं तोडत. अप्पा मधे काही विचारत नव्हते. पहिला डाव ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. मग मी शिट्टीचं सांगायला लागले. त्यांनी डोळे उघडले आणि हात वर केला.

"थांब. परत सांग."

मी परत सांगितलं. माना खुर्चीकडं असायच्या, शिट्टी झाली तरी वळायच्या नाहीत, म्हणून आम्ही टप्पे मारणं सोडलं. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा कसातरीच झाला. मग ते उठले आणि पडदा सारून मागच्या खोलीत गेले.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. मला वाटलं, त्यांना हे आवडलं नाही. पलीकडचं लक्ष नसताना बॉल टाकणं त्यांना लबाडी वाटली असेल.

अप्पांच्या पत्नी, महादेवीकाकू, आमच्यासाठी परात भरून चुरमुऱ्यांचा सुशिला घेऊन आल्या होत्या, वर भरपूर कोथिंबीर. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि परात खाली ठेवली.

"त्यांना जरा वेळ लागंल," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाऊन घ्या."

मग त्यांनी सांगितलं. आम्ही लहान होतो तेव्हा अप्पांचा मुलांचा संघ होता. जिल्ह्यात त्यांना कुणी हरवत नसे. अप्पा रेषेबाहेर उभं राहून एक एक बॉल सांगायचे, इकडं मार, तिकडं सरक, घसा बसेपर्यंत. मुलं सांगितलं तसं करायची आणि जिंकायची. एका वर्षी ऐन मॅचच्या वेळी अप्पांना टायफॉइड झाला. मुलं त्यांच्याविना गेली आणि पहिल्याच मॅचला हरून आली, तेही अगदी नवख्या संघाकडून.

"त्यातला एकजण ह्यांच्या उशाशी बसून रडला," काकू म्हणाल्या. "म्हणला, अप्पा, तुम्ही नव्हता तर आम्हाला काही दिसंचना. ते ह्यांच्या मनाला असं लागलं की ताप उतरला तरी बोलत नव्हते. पोरांना मीच आंधळं केलं, एवढंच म्हणायचे."

"म्हणून येत नाहीत?" मंगलनं विचारलं.

"आले की ओरडल्याशिवाय राहवणार न्हाई, हे त्यांना ठाऊक हाय. काल सकाळपासून ती एकच रॅकेट चाललीय. भरतेत, उसवतेत, परत भरतेत. दोन दिवस जेवण न्हाई धड."

मी म्हणाले, "मग आम्हाला सांगायचं तरी. आम्ही काय काय समजलो."

"सांगितलं असतं तर तेपण त्यांनीच सांगितल्यालं झालं असतं की," काकू म्हणाल्या.

मंगल खाली बघत होती. फर्जाना सुशिल्याचा घास हातात धरून बसली होती. मला तो फलाट आठवला, मागं बांधलेले हात आठवले आणि त्या हातांनी स्वतःला किती घट्ट धरून ठेवलं असेल ते पहिल्यांदा कळलं.

पडदा हलला. अप्पा बाहेर आले. तोंडावर पाणी मारलेलं होतं, सदऱ्याची पुढची बाजू ओली होती. काखेत कोरा करकरीत बॉल होता, आत बसून हवा भरून आणलेला.

"शैला," ते म्हणाले, "हे मला सुचलं नसतं."

त्यांनी ते मंडईच्या आवाजात, सगळ्यांसमोर, अगदी साध्या सुरात सांगितलं. भाव विचारल्यावर भाव सांगावा तसं. त्यानंतर मला बक्षिसं मिळाली, पदव्या मिळाल्या, सत्कारही झाले, पण त्या वाक्याच्या जवळपास जाईल असं काही मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही. राज्य स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच मॅचला हरलो. मात्र शाळेतला मुलींचा संघ कुणी बंद केला नाही. गिरणीमागची जाळी पुढची पंधरा वर्षं रोज सकाळी बांधली जात होती आणि तिच्याखाली खेळलेल्या मुली आज कुठं कुठं आहेत. फर्जाना बीडला शाळेत खेळ शिकवते. तीही मॅचला जात नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी अप्पा बॉल माझ्या हातात देऊन दुकानाची पायरी उतरले. मंडईतल्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि मिरचीवाल्या बायांना टोपल्या मागं घ्यायला सांगितल्या. एका हातगाडीवाल्याला थांबवलं. देवणीकर बाईंना त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून दिली. त्या नको नको म्हणत होत्या, पण त्यांनी ती घेतली.

"दाखव मला," ते लांबून म्हणाले. "मी ती औरंगाबादची पोरगी. काकू माझी खुर्ची."

काकू दुकानाच्या दारात उभ्या होत्या. लोक जमले होते. माझे वडील होते, मंगलचे वडील होते, मुख्याध्यापक होते. अप्पांनी गुडघे वाकवले, हात पुढं केले आणि मान वळवून काकूंकडं बघितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही, आणि त्यांनी दोन बोटं वर केली.

बाईंनी शिट्टी फुंकली. मी मारला. अप्पांची मान वळली तोवर बॉल त्यांच्या छातीवर बसला, तिथून उडाला आणि कोथिंबिरीच्या ढिगात जाऊन पडला. कोथिंबीरवाली मावशी ओरडली. सगळी मंडई हसत होती. अप्पा छाती चोळत उभे होते आणि मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

कुणीतरी बॉल माझ्याकडं टाकला. अप्पांनी डोळे पुसले, पुन्हा गुडघे वाकवले.

"परत," ते म्हणाले. "ह्या खेपेला बघतोच."

बाईंनी शिट्टी तोंडाला लावली. अप्पा काकूंकडं बघत होते. मी बॉल वर टाकला.